पिशवी काढण्यापूर्वी

स्त्रियांच्या आरोग्याचा विषय निघाला की आपल्याकडील राजकीय चर्चा बाळंतपण आणि कुटुंबनियोजन या दोन गोष्टींपाशी येऊन थांबते. डाव्या आणि समाजवादी पक्षांचे ठरावही याला फारसे अपवाद नाहीत. मूल होणे आणि मूल न होऊ देणे यांखेरीज स्त्रीच्या शरीराला काही सोसावे लागते, दर महिन्याच्या पाळीबरोबर काही जणींना आडवे पाडणारे दुखणे येते, आणि ते तीस-पस्तीस वर्षे चालू राहू शकते, याची दखल एखाद्या ठरावाने घ्यावी असे आपल्याला वाटलेले नाही. हा विषय डॉक्टरांचा, किंवा फार तर घरातील बायकांचा, असे आपण गृहीत धरून चाललो. हे गृहीत चुकीचे आहे असे आमचे मत असून त्याची कारणे रत्नागिरी जिल्ह्याच्या संदर्भात मांडण्याचा येथे प्रयत्न करीत आहोत.

या दुखण्याचे नाव एंडोमेट्रिऑसिस. गर्भाशयाच्या आतील बाजूस जे अस्तर असते, तशाच प्रकारची ऊती या विकारात गर्भाशयाबाहेर वाढते. ती बीजकोशांवर, ओटीपोटाच्या आवरणावर, गर्भाशयाला मागून धरून ठेवणाऱ्या बंधांवर, तर कधी आतड्यावर, मूत्राशयावर किंवा मूत्रवाहिनीवरही असते. पाळीच्या चक्राबरोबर तिथेही दाह होतो, रक्त साकळते, व्रण पडतात आणि शेजारचे अवयव एकमेकांना चिकटतात. बीजकोशात जुने रक्त साठून जी गाठ होते तिला डॉक्टर ‘चॉकलेट सिस्ट’ म्हणतात, हे आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. पाळीत असह्य वेदना, संबंधाच्या वेळी वेदना, शौचाच्या व लघवीच्या वेळी कळा, आणि अनेकींच्या बाबतीत मूल न होणे, अशी या विकाराची लक्षणे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे प्रजननक्षम वयाच्या सुमारे दहा टक्के स्त्रियांना, म्हणजे जगभरात सुमारे १९ कोटी स्त्रियांना, तो आहे. याला दुर्मीळ रोग म्हणता येणार नाही.

तो नवाही नाही. पाळीचे रक्त काही अंशी बीजनलिकांतून मागे ओटीपोटात उतरते व त्यातील पेशी तेथे रुजतात, हा सिद्धान्त अमेरिकेतील डॉ. जॉन सॅम्पसन यांनी १९२७ साली मांडला. असे रक्त बहुतेक स्त्रियांत मागे जाते आणि रोग मात्र काहींनाच होतो, त्यामुळे या सिद्धान्ताने सारे उलगडत नाही. तथापि आजही चर्चेला आरंभ तेथूनच होतो. योगायोग असा की त्याच १९२७ साली, आपल्याच जिल्ह्यातील दापोली तालुक्यातल्या मुरुडच्या कर्वे घराण्यातील रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले. स्त्रीच्या शरीराविषयी लाज न बाळगता, शास्त्राच्या भाषेत, मराठीत बोलले पाहिजे हा त्यांचा आग्रह होता आणि त्यापायी त्यांना नोकरी व प्रतिष्ठा दोन्ही गमवावी लागली. त्यांच्या जिल्ह्यात आजही मुलीला ‘सगळ्यांनाच दुखते, सोसायला शीक’ असे सांगितले जाते.

या सोसण्याचा काळ किती लांबतो? लक्षणे सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंत चार ते बारा वर्षे जातात, असे जागतिक आरोग्य संघटनाच सांगते, आणि ही स्थिती सुस्थितीतील देशांतही आहे. आपल्या ग्रामीण भागाचे चित्र काय असेल याचा अंदाज एका जुन्या अभ्यासावरून येतो. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्यापूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ आठ टक्के होत्या. रोग अफाट आणि तपासणी नगण्य, हे अंतर त्या अभ्यासाने प्रथम आकड्यांत दाखविले. त्यानंतरच्या साडेतीन दशकांत खेडोपाडी पुष्कळ बदल झाला. परंतु पाळीच्या दुखण्यासाठी स्त्रीने स्वतःहून डॉक्टरकडे जावे, असे वातावरण आपण निर्माण केले आहे, असे कोणी छातीठोकपणे म्हणू शकेल काय?

रत्नागिरी जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक धार आहे. २०११ च्या जनगणनेनुसार येथे दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आहेत. हा आकडा अभिमानाने सांगितला जातो. पण त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचे मुंबईस होणारे स्थलांतर आहे. गिरण्या होत्या तेव्हा चाकरमानी गिरणीत होता. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, तरी घरचा कर्ता पुरुष मुंबईतच राहिला. गावी शेत, गोठा, म्हातारी माणसे आणि मुले यांचा भार स्त्रीवर आला. ओटीपोटात कळ येत असताना ती भाताची लावणी करते, डोक्यावर भारा घेऊन चढण चढते. दुखणे हाताबाहेर गेले की मुंबईस निरोप जातो, पैसे येतात, आणि त्या पैशांत एकदाच काय ते ‘मोकळे’ व्हावे असा विचार घरात प्रबळ होतो. मोकळे होणे म्हणजे पिशवी काढणे. गर्भाशय काढून टाकले की पाळी गेली आणि पाळीबरोबर दुखणेही गेले, असा हिशेब.

हा हिशेब एंडोमेट्रिऑसिसच्या बाबतीत अनेकदा चुकतो. रोग मुळात गर्भाशयाच्या बाहेर असतो. आतड्यावरील किंवा गर्भाशयामागील बंधांवरील गाठी जागच्या जागी ठेवून केवळ गर्भाशय काढले, तर पाळी थांबते, वेदना मात्र राहू शकतात. बीजकोशही लहान वयात काढले, तर अकाली रजोनिवृत्ती येते, हाडे ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. मग दुसरी शस्त्रक्रिया होते. ती पहिलीपेक्षा अवघड असते, कारण पहिल्या शस्त्रक्रियेने आतील अवयव अधिक चिकटलेले असतात.

निदानाविना शस्त्र चालविण्याची परिसीमा काय असते, हे महाराष्ट्राने बीड जिल्ह्यात पाहिले आहे. २०१९ साली ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली गेल्याचे उघडकीस आले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य शासनाने समिती नेमली. ८२,३०९ स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्या सर्वजणींना एंडोमेट्रिऑसिस होता असे आम्ही म्हणत नाही. तेथे उचल, मुकादम, कोयत्यामागे ठरलेले काम आणि एक दिवस बुडाला की भरावा लागणारा खाडा, या साऱ्या व्यवस्थेने पाळीला गुन्हा ठरविले होते. परंतु एक गोष्ट बीडच्या फडात आणि कोकणातल्या वाडीत समान आहे. स्त्रीला नेमके काय झाले आहे हे शोधण्यापेक्षा तिचा एक अवयव काढून टाकणे सर्वांनाच सोपे, झटपट आणि काहींना किफायतशीर वाटते. अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रियांना आळा घालणारी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत, असा आदेश २०२३ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला, यावरून हा प्रश्न एका जिल्ह्याचा नाही हे स्पष्ट व्हावे.

मग शोधायचे कसे? येथे गेल्या पंधरा-वीस वर्षांत वैद्यकशास्त्राने मोठे पाऊल टाकले आहे आणि ते आपल्या कार्यकर्त्यांना माहीत असणे अगत्याचे आहे. पूर्वी समज असा होता की पोटात दुर्बीण घालून डोळ्यांनी पाहिल्याखेरीज या रोगाचे खात्रीचे निदान होत नाही. म्हणजे निदानासाठीच शस्त्रक्रिया. युरोपातील प्रजननशास्त्राच्या तज्ज्ञ संघटनेने २०२२ साली आपली मार्गदर्शक तत्त्वे बदलून सांगितले की सोनोग्राफी किंवा एमआरआय यांत काही आढळले नाही, अथवा औषधांनी गुण आला नाही, तरच निदानासाठी दुर्बिणीचा विचार करावा. त्याआधी २०१६ साली विविध देशांतील तज्ज्ञांनी एकत्र येऊन, या रोगासाठी सोनोग्राफी कोणत्या क्रमाने करावी व निष्कर्ष कोणत्या शब्दांत लिहावेत, याची एकसमान पद्धत ठरवून दिली होती.

ही पद्धत समजण्यास अवघड नाही. आपल्याकडे पोटावरून फिरविलेल्या सोनोग्राफीत गर्भाशय व बीजकोश पाहून ‘नॉर्मल’ असा शेरा मिळतो. खोलवर रुजलेला रोग अशा तपासणीत सहसा सापडत नाही. त्यासाठी योनिमार्गातून तपासणी करावी लागते आणि प्रथम गर्भाशय व बीजकोश, मग वेदना नेमकी कोठे होते ती जागा, मग गर्भाशय व आतडे एकमेकांवरून मोकळेपणी सरकतात की चिकटलेले आहेत, आणि अखेर आतडे, मूत्राशय व बंध यांवरील गाठी, असे टप्प्याटप्प्याने पाहावे लागते. दोन्ही बीजकोश गर्भाशयामागे एकमेकांना चिकटलेले दिसले तर रोग खोलवर असण्याची शक्यता मोठी, हे जाणकार लगेच ओळखतो. मूत्रपिंडेही पाहावीच लागतात. कारण मूत्रवाहिनी गाठीने दाबली गेली तर काहीही न दुखता मूत्रपिंड निकामी होऊ शकते. योनिमार्गातून तपासणी करणे जिच्या बाबतीत योग्य नाही, अशा अविवाहित मुलीसाठी एमआरआयचा मार्ग आहे. त्यात किरणोत्सर्ग नसतो, आणि ओटीपोटाच्या बाजूच्या भिंती व मज्जातंतूंच्या जवळचे भाग त्यात सोनोग्राफीहून अधिक चांगले दिसतात.

या चित्रांचा खरा उपयोग शस्त्रक्रियेची आखणी करताना होतो. आतड्यावर गाठ आहे की नाही, असल्यास किती लांबीची, किती खोल, आतड्याचा किती घेर तिने व्यापला आहे आणि गुदद्वारापासून ती किती अंतरावर आहे, यावर पुढचे सारे अवलंबून असते. गाठ वरवर तासून काढता येईल, आतड्याचा चकतीएवढा भाग काढावा लागेल, की आतड्याचा तुकडाच कापून दोन टोके जोडावी लागतील, हे चित्रावरून आधी ठरविता येते. जोड फार खाली येणार असेल तर काही काळ पोटावर शौचाची पिशवी लावावी लागण्याचा संभव असतो. शस्त्रक्रियागृहात आतड्याचा सर्जन लागेल की मूत्रमार्गाचा, रक्ताची सोय किती ठेवावी, आणि मुख्य म्हणजे हे काम या रुग्णालयात करावे की मोठ्या ठिकाणी पाठवावे, हेही आधीच कळते. नकाशा नसताना पोट उघडणारा सर्जन कितीही कुशल असला तरी त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात. एक तर अर्धवट काम करून टाके घालावेत, नाही तर तयारी नसताना धोका पत्करावा. दोन्हींची किंमत टेबलावर झोपलेली स्त्री देते.

आणि हे सारे तिला आधी सांगितलेले असते काय? गुंगीतून शुद्धीवर आल्यावर आपल्या शरीरातून काय काढले हे नवऱ्याकडून किंवा सासूकडून कळणे, ही आपल्याकडील सर्वसाधारण रीत आहे. संमतिपत्रावरचा अंगठा किंवा सही म्हणजे संमती नव्हे. चित्र समोर ठेवून, गाठ येथे आहे, ती काढली तर हे होऊ शकते, न काढली तर ते होऊ शकते, मूल हवे असेल तर बीजकोशावरील शस्त्रक्रियेने बीजांचा साठा घटू शकतो, असे तिला तिच्या भाषेत सांगितल्यावर जो निर्णय ती घेते त्याला संमती म्हणावे. समाजवाद्यांच्या दृष्टीने या तंत्राचे मोल प्रामुख्याने येथे आहे. ज्ञान डॉक्टरच्या डोक्यातून बाहेर येऊन रुग्णाच्या हाती पोचण्याचे ते एक साधन आहे.

यंत्राची भक्ती करण्याचे मात्र कारण नाही. ओटीपोटाच्या आवरणावरील वरवरचा रोग उत्तम सोनोग्राफीत किंवा एमआरआयमध्येही बहुधा दिसत नाही. तेव्हा ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, म्हणजे बाई ढोंग करते’ हा निष्कर्ष शास्त्राला धरून नाही आणि माणुसकीला तर नाहीच. शिवाय प्रत्येकीला शस्त्रक्रिया लागते असेही नाही. अनेकींना वेदनाशामके व संप्रेरकांच्या गोळ्या यांनी वर्षानुवर्षे आराम पडतो. नीट काढलेले चित्र जसे अवघड शस्त्रक्रियेची तयारी करून देते, तसेच अनावश्यक शस्त्रक्रिया टाळण्यासही मदत करते. दुसऱ्या बाजूला, प्रत्येक पोटदुखीला एमआरआय लिहून देऊन त्यावर ‘कट’ घेण्याचा व्यवहारही आपण जाणतो. म्हणूनच हे तंत्र बाजाराच्या हाती सोडून चालणार नाही.

याच राज्यात सोनोग्राफीच्या यंत्राने एक काळा इतिहास घडविला आहे, हेही विसरता येत नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध मुंबईत स्त्री-संघटनांनी व आरोग्य कार्यकर्त्यांनी चळवळ केली आणि १९८८ साली महाराष्ट्राने देशातील पहिला कायदा केला. १९९४ चा केंद्रीय कायदा त्यानंतर आला आणि २००३ साली तो अधिक कडक झाला. त्या कायद्याचा एक स्वल्पविरामही सैल होऊ नये असे आमचे ठाम मत आहे. पण ‘कायदा कडक आहे, म्हणून आम्ही ग्रामीण भागात सोनोग्राफी देत नाही’ असे कोणी म्हणत असेल तर ती पळवाट आहे. नोंदणी केलेल्या यंत्रावर पात्र व्यक्तीने गर्भवती नसलेल्या स्त्रीच्या दुखण्याची तपासणी करण्यास कायद्याने कोठेही बंदी केलेली नाही. ज्या यंत्राने न जन्मलेल्या मुलीचा घात केला, तेच यंत्र जगणाऱ्या मुलीच्या उपयोगी पडावे, ही मागणी त्या चळवळीचाच पुढचा टप्पा आहे.

कोणी विचारील, जेथे पंडुरोग, सर्पदंश आणि बाळंतपणातील रक्तस्राव यांचीच धड व्यवस्था नाही, तेथे ही चैन कशासाठी? प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही सरळ देतो. सोनोग्राफीची यंत्रे बाळंतपणाच्या निमित्ताने सार्वजनिक रुग्णालयांत आलेलीच आहेत. उणीव आहे ती शिकलेल्या हाताची, शिकलेल्या डोळ्याची आणि एका स्त्रीसाठी अर्धा तास देण्याच्या तयारीची. यासाठी कोट्यवधींची खरेदी लागत नाही, प्रशिक्षण लागते. आणि चुकीच्या निदानावर झालेल्या दोन-दोन शस्त्रक्रियांचा खर्च, बुडालेली मजुरी, मुंबई-कोल्हापूरच्या खेपा आणि सावकाराचे व्याज यांची बेरीज मांडली तर चैन कोणती हे आपोआप कळेल. आजच्या विमा योजनांची रचना मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्याभोवती आणि शस्त्रक्रियेच्या दरपत्रकाभोवती आहे. शस्त्र चालविले की पैसे मिळतात. विचारपूर्वक तपासून ‘शस्त्रक्रिया नको’ असे सांगणाऱ्या डॉक्टरला त्या दरपत्रकात जागा नाही.

आता रत्नागिरीला एक संधी आली आहे. २०२३ साली येथे शंभर जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. शेजारी सिंधुदुर्गात ते २०२१ सालीच आले होते. महाविद्यालय म्हणजे केवळ डॉक्टर घडविण्याची जागा नव्हे. जिल्ह्यातील रोगांचा अभ्यास करून उपचाराची रीत घालून देणारी ती संस्था असली पाहिजे. ऑस्ट्रेलियाने २०१८ साली आणि फ्रान्सने २०२२ साली एंडोमेट्रिऑसिससाठी राष्ट्रीय धोरण जाहीर केले. आपण राष्ट्रीय धोरणाची वाट पाहत बसण्यापेक्षा एका जिल्ह्यापासून आरंभ करू शकतो.

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. महाविद्यालयाच्या रुग्णालयात स्त्रीरोग, क्ष-किरण व प्रतिमाशास्त्र, आतडे व मूत्रमार्ग यांच्या डॉक्टरांचे संयुक्त पथक असावे आणि अवघड शस्त्रक्रियेपूर्वी त्यांनी चित्रे एकत्र बसून पाहावीत. उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालयांतील डॉक्टरांना या तपासणीचे प्रशिक्षण मिळावे, आणि आठवड्यातून एक ठरावीक दिवस त्यासाठी राखून ठेवावा, म्हणजे मंडणगडच्या किंवा राजापूरच्या स्त्रीला केवळ पहिल्या तपासणीसाठी दिवसभराचा प्रवास करावा लागणार नाही. तपासणीच्या वेळी स्त्री-परिचारिका हजर असावी. अहवालाचा सारांश मराठीत द्यावा. चित्रे व कागद यांवर रुग्ण स्त्रीचा हक्क असावा. तातडीचा प्रसंग वगळता, पूर्वतपासणीचा लेखी अहवाल आणि दुसऱ्या डॉक्टरचे मत यांखेरीज चाळिशीच्या आतील स्त्रीचे गर्भाशय काढले जाऊ नये. आणि जिल्ह्यातील सरकारी व खाजगी अशा सर्व गर्भाशय शस्त्रक्रियांची, वयासह व कारणासह, दरवर्षी जाहीर नोंद व्हावी.

मागण्या शासनाकडे करून आपले काम संपत नाही. आपल्या सभांना स्त्रिया येतात, बचत गटांत त्या बोलतात, आशा कार्यकर्त्या घरोघर जातात. पाळीच्या वेळी अंथरुणाला खिळणे हे स्त्रीच्या जन्माचे भोग नसून तो रोग असू शकतो, आणि त्याचा शोध घेता येतो, हे वाक्य या साऱ्या ठिकाणी उच्चारले गेले पाहिजे. पुरुष कार्यकर्त्यांनी ते आपल्या घरात आधी उच्चारावे. पिशवी काढायला निघालेल्या स्त्रीला आपण एवढे जरी विचारले, की दुखणे नेमके कोठे आहे हे कोणी पाहिले काय, त्याचा कागद तुझ्यापाशी आहे काय, आणि पिशवी काढल्यावर ते थांबेल असे कोणी तुला समजावून सांगितले काय, तरी काही शस्त्रक्रिया टळतील आणि ज्या होतील त्या अधिक विचाराने होतील. हे तीन प्रश्न विचारण्यासाठी डॉक्टर असावे लागत नाही. पुढच्या तालुका बैठकीत या विषयाला अर्धा तास द्यावा, अशी आमची सर्व शाखांना विनंती आहे.